बुधवारच्या तिसऱ्या तासाची यादी

माझ्या नाकावर राग असतो हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं मी इथला दवाखाना सांभाळते. दवाखाना म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक खाट, एक कपाट, एक बेसिन आणि सायकल स्टँडकडे उघडणारी एक खिडकी. मुलं मला पाठीमागे 'गुळण्याबाई' म्हणतात. घसा दुखतो म्हणून तास बुडवायला आलेल्याला मी आधी माझ्यासमोर गुळण्या करायला लावते आणि मग वर्गात परत पाठवते, त्यावरून पडलेलं नाव आहे ते. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो लपवायचे कष्ट मी घेत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. होस्टेलची. ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. म्हणाली, "सिस्टर, डास चावलेत बहुतेक." मी ओढणी सोडवली. मानेवर, कानामागे, केसांच्या मुळांशी पाण्याचे फोड. काही रात्रीचे, काही अगदी आजचे.

"डास नाही गं बाई," मी म्हटलं. "कांजिण्या आहेत. ताप कधीपासून?"

"काल सकाळपासून. काल वर्गात गेलेच नाही, झोपून होते."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी बरी होते. सगळे तास केले."

ती बरी होती हे तिचं म्हणणं. कांजिण्या फोड दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून पसरायला लागतात. म्हणजे बुधवारी ती मुलगी तीन वर्गांत बसून तीन तास कांजिण्या वाटत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी तिला होस्टेलच्या टोकाच्या खोलीत हलवलं, घरी फोन लावून दिला, दुपारी भाऊ येऊन गाडीने घेऊन गेला. इथपर्यंत सगळं रीतसर झालं.

रीत मीच घालून दिलेली आहे. तीन वर्षांपूर्वी एका मुलाला क्षय झाला तेव्हा त्याचं नाव फळ्यावरच्या सूचनेत आलं होतं. औषध सुरू झालं, तो बरा झाला, पण त्याच्या शेजारी कुणी बसेना, आणि शेवटी पोरगं कॉलेज सोडून गेलं. तेव्हा मी प्राचार्यांच्या डोक्यावर बसून नियम करून घेतला होता. आजाऱ्याचं नाव नाही, वर्ग नाही, काही जाहीर करायचं नाही. हजेरीपटावरून संपर्कातल्यांची यादी काढायची आणि ज्याला त्याला एकेकटं बोलावून सांगायचं. हा नियम माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

तर मी ऑफिसातून हजेरीपट आणले. बुधवारचे तीन तास, तीन पट. पहिल्या दोन तासांना खोल्या मोठ्या, खिडक्या दोन्ही बाजूंना. तिसरा तास चौदा नंबरच्या खोलीत, संख्याशास्त्राचा. चौदा नंबर म्हणजे निव्वळ डबा. खिडक्या रंगाने चिकटून बसल्यात त्या गेल्या पाच वर्षांत उघडलेल्या नाहीत. पटावर सेहेचाळीस हजर, खाली संख्याशास्त्राच्या सरांची लफ्फेदार सही. मी सगळी नावं उतरवून घेतली आणि पहिल्यांदा काय शोधलं असेल, तर एका बाईचं नाव.

ती बाई म्हणजे संख्याशास्त्राच्याच तात्पुरत्या मॅडम. तिशीची, बारीक चणीची, भराभर चालणारी. महिन्याभरापूर्वी उलट्या होतात म्हणून माझ्याकडे आली होती, तेव्हाच मला कळलं होतं. तिने माझा हात धरला होता. "ताई, मागचं एक गेलंय. हे टिकू दे. आणि टर्म संपेपर्यंत इथे कुणाला कळू देऊ नका. गेल्या वर्षी त्या भूगोलाच्या मॅडमचं काय झालं, तुम्हाला माहितीये." माहीत होतं. तिचं पोट दिसायला लागलं आणि तिचा करार पुढे वाढलाच नाही. कुणी काही बोललं नाही, सगळे मूग गिळून बसले. मी मॅडमला शब्द दिला. तिचं कार्ड भरताना विचारलं होतं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?" ती म्हणाली, "नाही, आईला पक्कं आठवतंय. लसही नाही."

म्हणून शुक्रवारी माझा जीव टांगणीला लागला होता. पोटुशी बाई, कांजिण्या कधी न आलेली. बाळाच्या डोळ्यांना, हातापायांना धोका असतो, क्वचित असतो, पण असतो. आणि आईच्या फुफ्फुसात आजार शिरला तर तिच्याच जिवावर बेततं. त्यावर एक इंजेक्शन आहे, पण ते संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

मी वेळापत्रक काढलं. बुधवारी त्या वर्गावर मॅडमचा एकही तास नव्हता. हजेरीपटावर सही सरांची. मी मोठा श्वास सोडला. तरी मला राहवलं नाही, जिन्यात तिला गाठलंच.

"कॉलेजात कांजिण्यांची एक केस आहे," मी हळूच म्हटलं. "पण तुझा काही संबंध येत नाही. मी यादी बघितलीय. निर्धास्त राहा."

"कुणाला?"

"ते विचारू नकोस. नियम आहे."

ती हसली. "तुम्ही बघितलंय म्हणजे झालंच," म्हणाली आणि भराभर वर निघून गेली.

शनिवार, सोमवार मी यादीतल्या मुलांना एकेक करून बोलावत होते. तुला आल्या होत्या का, घरात कुणी आजारी आहे का, कुणी प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध घेतं का. बहुतेकांना लहानपणी येऊन गेलेल्या. पण उत्तरं देताना काही पोरं जरा जास्तच पायाकडे बघत होती. मला वाटलं, मला घाबरतात. घाबरतातही.

मंगळवारी एक मुलगा लंगडत आला. यादीत एकोणीस नंबर. मी नेहमीचे प्रश्न सुरू केले आणि मध्येच थांबले.

"पाय कसा आहे तुझा?"

"बरा आहे सिस्टर. तुम्ही पट्टी बांधली होती ना, त्याने उतरली सूज."

मी माझं रजिस्टर ओढलं. मैदानावर पाय मुरगळला, पट्टी, बर्फ. बुधवार. अकरा वीस ते बारा. चौदा नंबरमध्ये तिसरा तास चालू होता तेव्हा हा पठ्ठ्या माझ्या खाटेवर पाय वर करून पडला होता. आणि हजेरीपटावर तो हजर!

"एकोणीस नंबरला 'हजर' कोण ओरडलं?"

तो पायाकडे बघू लागला. मी कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं मी या कॉलेजात आहे, पोरं एकमेकांची हजेरी लावतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मी तोच पट समोर ठेवून रोगाची यादी करत बसले होते! माझी सगळी यादी कुचकामी होती. जे नव्हते त्यांना मी प्रश्न विचारत होते आणि जे होते ते कुठेतरी मोकळे फिरत होते. मुलाला मी घालवून दिलं. राग त्याच्यावर काढला, अर्थातच.

त्या संध्याकाळी घरी माझं कशात लक्ष लागेना. नवरा म्हणाला, "एका जागी बस तरी. पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस?" मी म्हटलं, "सहा दिवस गेले." तो म्हणाला, "कशाचे?" मी सांगितलं नाही. सांगायचंही नव्हतं, नियमच आहे.

बुधवारी, बरोबर आठवड्याने, तिसऱ्या तासाला मी चौदा नंबरच्या दारात उभी राहिले. सर शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, अंगाने भरलेला, आवाजाने गोड माणूस.

"सर, पाच मिनिटं वर्ग द्याल? आणि तुम्ही जरा बाहेर थांबाल?"

"अवश्य, अवश्य," ते म्हणाले आणि खडू ठेवून इतक्या आनंदाने बाहेर पडले की मला नवल वाटलं.

मी दार लावून घेतलं. आत उबट हवा. मी म्हटलं, "हे बघा, मी इथे हजेरीचं काही बघायला आलेली नाही. पंचाहत्तर टक्के झाले की नाही, परीक्षेला बसायला मिळणार की नाही, ते ऑफिस बघेल, मला देणंघेणं नाही. माझी यादी ऑफिसात जाणार नाही, माझ्या कपाटात राहील. पण या खोलीत गेल्या बुधवारी कोण खरंच होतं ते मला आत्ता कळलं पाहिजे. एखाद्याच्या घरी आजारी आजोबा असतील, एखादीची बहीण बाळंत व्हायची असेल. जे नव्हते त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना.  मग लंगड्याने हात वर केला. त्याला काय, तो पकडला गेलाच होता. मग त्याच्या मागे एक, खिडकीशी दोघी, मग शेवटच्या बाकावरची अख्खी रांग. मी मोजत गेले. सत्तावीस. सेहेचाळीस हजर आणि त्यातले सत्तावीस गैरहजर! मला हसू फुटलं, मग पोरंही हसली, आणि एकदम वातावरण सैल झालं.

"आता मला सांगा, हजर कोण कोण, कुठे बसलं होतं?"

सगळे एकदम बोलू लागले. मी नावं लिहीत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरची वर्गप्रतिनिधी मुलगी म्हणाली, "सिस्टर, सरांचं काय धरायचं?"

"कुठल्या सरांचं?"

"आपल्या. म्हणजे... हात त्यांनी पण वर करायला पाहिजे ना."

वर्गात खसखस पिकली. मी हसले नाही. "सर नव्हते?"

"बुधवारी सर सहसा नसतातच. त्यांचा बाहेर क्लास असतो, आज त्याला सुट्टी आहे म्हणून आले. एरवी मॅडमच घेतात. हजेरी पण मॅडमच घेतात, सही सर दुसऱ्या दिवशी करतात."

"कोणत्या मॅडम?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. 

"आपल्या बारीक मॅडम. त्या दिवशी त्या हिच्या बाकावरच बसल्या होत्या." तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं, आजारी मुलीच्या जागेकडे. "तिला गणित येत नव्हतं. अर्धा तास शेजारी बसून सोडवून घेतलं."

मी वहीसुद्धा तिथेच विसरले. बाहेर सर व्हरांड्यात कुणाशी तरी फोनवर गोड बोलत होते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही, म्हणून न बघता जिना चढले.

मॅडम स्टाफरूममध्ये एकटी डबा खात होती. मी दार ढकललं आणि एका दमात सांगून टाकलं. तिने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"पण तुम्ही म्हणालात निर्धास्त राहा."

"तू त्या वर्गावर होतीस हे मला कुठे माहीत होतं? सही सरांची आहे!"

"कोणता वर्ग ते तुम्ही मला सांगितलंत का?" तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "ताई, पहिलं वर्ष म्हणाला असतात तरी मी लगेच सांगितलं असतं. मी विचारलं होतं तुम्हाला."

 तिने विचारलं होतं. जिन्यात, माझ्या तोंडावर विचारलं होतं.

"सात दिवस झाले," मी म्हटलं. "अजून वेळ आहे. आत्ता उठ, रक्त तपासायला जा. कदाचित लहानपणी नकळत येऊन गेल्या असतील."

"जाते. पण सरांनी बुधवारी मला पाठवलं हे कुणाला कळता कामा नये. माझ्या कामाचा शेरा तेच लिहितात. आणि दुसरं तर नाहीच नाही."

"नाही कळणार," मी म्हटलं. दुसऱ्यांदा शब्द दिला.

गुरुवारी अकराला तिचा फोन आला. रक्तात काही संरक्षण नव्हतं. कांजिण्या आलेल्याच नव्हत्या. इंजेक्शन मोठ्या हॉस्पिटलच्या साठ्यात होतं, पण मोजकंच. तिथले लोक म्हणाले, आजाऱ्याशी संपर्क कधी आणि किती वेळ आला याचं कॉलेजचं पत्र आणा, प्राचार्यांच्या सहीचं. नाहीतर उद्या जो तो मागायला येईल.

"ताई, तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "हे दुसरीकडे विचारतायत. संध्याकाळपर्यंत थांबा. पाचला मी फोन करते."

"आज आठवा दिवस आहे."

"माहीत आहे मला कितवा दिवस आहे. पाच वाजेपर्यंत थांबा."

मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला. बेसिन पुसलं. कपाटातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, मग तारखेप्रमाणे लावल्या. दोन मुलं डोकं दुखतं म्हणून आली, त्यांना न तपासताच गोळ्या दिल्या. घड्याळ बघितलं, अकरा चाळीस. पाचला तिने फोन करून 'नाही मिळालं' म्हटलं तर ऑफिस बंद, प्राचार्य घरी, नववा दिवस उजाडणार, मग पत्र, मग शिक्का, मग हॉस्पिटलची खिडकी. कुठेही घोडं अडलं की संपलं. मी काय हात चोळत बसायचं? बारा वाजता माझा धीर संपला आणि मी प्राचार्यांच्या खोलीत गेले.

प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत, फक्त कागदाबाहेरचं त्यांना दिसत नाही. त्यांनी बुधवारचा पट मागवला, सरांना बोलावलं.

"सही तुमची आहे," प्राचार्य म्हणाले.

"माझीच आहे," सर म्हणाले. "तास मीच घेतला. सिस्टरांचा काहीतरी गैरसमज झालाय."

"वर्गातली मुलं सांगतात सर नव्हते," मी म्हटलं.

"मुलं काय, काहीही सांगतात. पण समजा मॅडम तिथे डोकावल्या असतील, तर एवढं काय त्यात? कांजिण्या सगळ्यांनाच येतात. मलाही आल्या होत्या."

तो गोड आवाज माझ्या डोक्यात गेला. तिडीक उठली ती अशी की मी काय बोलते ते मलाच उमगलं नाही.

"तिला दिवस गेलेत! तिसरा महिना चालू आहे! कळलं का एवढं काय ते?"

 सर हळूच खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "मला माहीत नव्हतं हो," ते म्हणाले. "नाहीतर मी तिला..."  त्यांनी स्वतःच कागद ओढला आणि लिहिलं, की त्या दिवशी मी वर्गावर नव्हतो, माझ्या सांगण्यावरून मॅडमनी तास घेतला, पन्नास मिनिटं, बंद खोलीत.  प्राचार्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि टोपण लावता लावता विचारलं, "तिसरा महिना म्हणालात?"

"हो."

"हं," ते म्हणाले आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

पत्र घेऊन मी रिक्षाने हॉस्पिटलला गेले. रांगेत उभी राहिले, भांडले, खिडकी बदलली, पुन्हा भांडले. साडेतीनला नाव लागलं. शुक्रवारी सकाळी नऊला या म्हणाले. मला वाटलं, जिंकले. मॅडमला फोन लावला.

"मिळालं!" मी म्हटलं. "उद्या नऊला."

 "आम्हालाही मिळालंय," ती म्हणाली. "ह्यांच्या मावसबहिणीच्या हॉस्पिटलात. त्यांना पत्र नको होतं, डॉक्टरची चिठ्ठी पुरली. आम्ही आत्ता तिथेच आहोत, दहा मिनिटांत देतायत." मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं मिळालं?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

इंजेक्शन आठव्याच दिवशी मिळालं. संपर्कापासून अठ्ठावीस दिवस पुरे होईपर्यंत तिला लोकांपासून लांब राहायचं होतं. कॉलेजच्या लेखी तात्पुरत्या माणसाला रजा नसते. पहिल्या आठवड्यात सरांनी तिचे तास घेतले, मनापासून घेतले, बुधवारचा बाहेरचा क्लासही सोडला असं मुलं म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात टर्म संपली. करारांची यादी बोर्डावर लागली तेव्हा मी चष्मा लावून दोनदा वाचली. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "सिस्टर, पदच मंजूर नाही, मी काय करणार?" मी टेबलावर हात आपटला. त्यांनी मला पाणी दिलं.

दरम्यान चौदा नंबरमधल्या, खरोखर हजर असलेल्या दोघांना कांजिण्या आल्या. दोघेही घरी जाऊन बरे झाले. मी सुताराला बोलावून खिडक्या सोडवून घेतल्या. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

अठ्ठावीस दिवस उलटून गेल्यावर मॅडम अनुभवाचा दाखला न्यायला आली. ऑफिसमधून निघताना माझ्या दारात थांबली. अंगावर एक फोड नाही, गालांवर थोडं मांस आलेलं. मी उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"परवा तपासणी झाली," ती म्हणाली. "बाळ व्यवस्थित आहे."

माझे डोळे भरून आले. "देव पावला गं. मी रोज मोजत होते."

"माहीत आहे."

"मी तुझ्यासाठीच केलं सगळं. वेळ नव्हता. तू पाचपर्यंत थांब म्हणालीस, पण मला वाटलं, नाही मिळालं तर..."

"ताई," ती म्हणाली. आवाज तसाच, खालचा. "तुमच्या मनात माझं वाईट नव्हतं, मला कळतं ते. पण शुक्रवारी जिन्यात तुम्हाला मला एवढंच विचारायचं होतं, की बुधवारी तू कुठे होतीस. आणि गुरुवारी एवढंच, की सांगू का. दोन्ही वेळा मी तुमच्या समोर होते, फोनवर होते. दोन्ही वेळा तुम्ही मला सोडून बाकी सगळ्यांना विचारलंत."

मी तोंड उघडलं. नियम तोंडावर आला, दिवसांचा हिशेब आला, सरांची सही आली. त्यातलं एकही बोलले नाही.

ती दाखल्याची घडी पर्समध्ये ठेवून निघाली. आता भराभर चालत नव्हती, जपून, कठड्याला हात लावत पायऱ्या उतरत होती. मी खिडकीतून बघत राहिले. मला राग आला होता, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो काढायला मला दुसरं कुणी सापडत नव्हतं.